चौथी ओळ

डस्टर खिडकीतून बाहेर गेलं, हे मला कळलंच नव्हतं. मी फळ्यावर तेरावा नियम लिहीत होते — ‘तास चालू असताना विनाकारण जागेवरून उठू नये.’ माझ्या पाठीमागे बावन्न मुलं विनाकारण जागेवरून उठली होती.

आणि एकदम शांतता झाली. इतकी, की व्हरांड्याच्या पत्र्यावरची श्रावणातली भुरभुर ऐकू यायला लागली. मला वाटलं, तेरावा नियम लागू पडला. मी वळले.

दारात एक उंच माणूस उभा होता. हातात माझं डस्टर. डाव्या खांद्यावर, कानावर आणि अर्ध्या केसांवर खडूची पांढरी भुकटी.

“हे तुमचं का, मॅडम?”

“हो... म्हणजे — इथंच होतं आत्ता.”

“समोर आमच्या नववीत आलं. प्रमेय शिकवून राहिलो होतो. सिद्धता अर्ध्यावर असताना मधीच आलं.” त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की मला माफी मागावी की हसावं, कळेना.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं तिकडं पाहिलंही नाही. डस्टर टेबलावर ठेवलं, माझे तेरा नियम वरपासून खालपर्यंत वाचले आणि हळूच म्हणाला, “एक राहिला, मॅडम. डस्टर...”

तो थांबला.

“फेकू नये,” मी त्याचं वाक्य पुरं केलं.

“...पुसायला असतं,” तो म्हणाला, आणि गेला.

त्याची पावलं लांब गेली तसा वर्ग पुन्हा सुरू झाला.

त्याचं नाव सुदर्शन बिरादार. गणिताचे सर. देवणीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. चाकूरच्या या शाळेत सहा वर्षं झालेला. मी तासिकेवर, म्हणजे तात्पुरती, इतिहास-भूगोल शिकवायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

चाकूर मी मुद्दाम निवडलं होतं. नांदेडला मी कुठंही गेले तरी सरांची मुलगी होते. किराणा दुकानात, बँकेत, रिक्षात — “रेणुकादास सरांची ना तू?” गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा गेले, आणि मग हा प्रश्न विचारणारी माणसं पुढं काही न बोलता माझ्या डोक्यावर हात ठेवायची. त्या हातांचे आज मी आभार मानते. तेव्हा गुदमरायला व्हायचं. इथं मला कुणी ओळखत नव्हतं. इथं मी चांगली ठरले किंवा वाईट ठरले, तर ती मी असणार होते.

वाईट ठरत होते. मुख्याध्यापक गुरुपादप्पा सरांनी ऑफिसात बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं, “मॅडम, तुमचा अभ्यास दांडगा हाय. पण आठवी ‘ब’चा आवाज बसस्टँडपर्यंत चाललाय.” सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी संस्थेचे सचिव माझा तास बघायला येणार होते. वर्ग हाती राहिला तर वर्षभर मी. नाही तर दिवाळीनंतर दुसरं कुणी. म्हणजे मी परत नांदेडला. बाबांच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीसमोर.

मधल्या सुट्टीत मैदानाकडेच्या लिंबाखाली मी डबा न उघडता बसले होते.

“बसू का?” बिरादार सर. केसांत अजून थोडा खडू होता. “टाचण बघू तुमचं.”

तासाला जाण्याआधी शिक्षक वहीत त्या तासाचा आराखडा काढतो, ते टाचण. माझं टाचण सुंदर होतं. बी.एड.ला त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते.

“कशाला? हसायला?”

“हसायला डस्टर पुरलं की.”

मी वही दिली. त्यानं मन लावून वाचली. “लई देखणं काढलंय. उद्दिष्टं, साहित्य, प्रश्न... पण मॅडम, यात पोरं कुठंयत?”

“म्हणजे?”

“तुम्ही नकाशा दाखवणार. तव्हा पोरांनी काय करायचं? बसून बघायचं, का उठून जवळ यायचं? बोलायचं, का चूप राहायचं? तुम्ही ठरवलंच न्हाई. मग ते ठरवतेत.”

“मी तेरा नियम लिहून दिलेत!”

“ते सगळे ‘नये’वाले. काय करू नये ते डस्टर फेकणाऱ्या सत्यमला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. काय करायचं ते सांगा. आणि वर्षभराचं एकदम कामून सांगता? आजच्या तासाचं सांगा. तीन ओळी. तास सुरू व्हायच्या आधी. नुसतं सांगून न्हाई, करून दाखवून.”

त्यानं खिशातली पेन्सिल काढली, माझ्या समासात एक, दोन, तीन असे आकडे टाकले. मग जरा जागा सोडून खाली लिहिलं — ‘माझ्याकडून’. पुढं रिकामं.

“हे काय?”

“आपण त्यांच्याकडं तीन गोष्टी मागतो. एक आपण द्यायची. तीबी वर्गाला वाचून दाखवायची. आपण मोडली तर पोरं...”

“डोक्यावर बसणार.”

“...आठवण करून देणार.” तो हसला. “तुम्हाला दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची लई घाई असती, मॅडम.”

मी लाजले की रागावले, नक्की सांगता येणार नाही. “हे बी.एड.ला नव्हतं शिकवलं,” मी विषय बदलला.

“मलाबी न्हाई. मी आठवीत शिकलो.”

“कुणाकडून?”

तो डब्याचं झाकण लावायला लागला. लावलेलं झाकण पुन्हा काढून पुन्हा लावलं. “होते एक सर,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तेरा नियम पुसले. त्याच डस्टरनं. “आज गटात बोलायचंय,” मी सांगितलं, “पण कुजबुजीत. कुजबूज म्हणजे शेजारच्याला ऐकू जाईल, मागच्या बाकाला नाही. कोण करून दाखवतं?” डस्टरवाला सत्यम नाटकातल्या राजासारखा पुढं आला आणि पुनमच्या कानात इतक्या नाजूक आवाजात काहीतरी बोलला, की सगळा वर्ग ते ऐकायला वाकला. मग मी चौथी ओळ वाचली. “माझ्याकडून — मी फळ्याशी बोलणार नाही. तुमच्याशी बोलेन.”

लगेच काही चमत्कार झाला नाही. पहिला आठवडा गोंधळातच गेला. फक्त गोंधळ आता मधूनमधून श्वास घ्यायला थांबायचा. चौथ्या दिवशी सत्यम उठून म्हणाला, “मॅडम, तुमी फळ्याशी बोलून राहिल्या.” मी वळले. “चुकलं माझं,” म्हणाले. बावन्न चेहरे थक्क. त्या दिवसापासून काहीतरी बदललं. ती मुलं मला सांभाळायला लागली.

पण पुनमनं एकदा वही दाखवताना हळूच सांगितलं, “मॅडम, माझं उत्तर तुमीच देऊन टाकता.”

शनिवारी अर्धी शाळा. मी नांदेडच्या गाडीला, तो देवणीच्या. बसस्टँडपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. आम्हाला अर्धा तास लागायचा. दोन्ही बाजूंना सोयाबीन फुलावर आलेलं, मातीचा ओला वास, आणि मध्येच न सांगता येणारी पावसाची एखादी सर.

“तुमच्यासाठी...”

“चहा? नको, गाडी चुकेल.”

“...छत्री आणली.”

छत्री एकच होती. ती तो माझ्यावरच धरायचा. त्याचा डावा खांदा भिजायचा, जिथं त्या दिवशी खडू होता तोच.

“तुम्ही हसता तव्हा लई...”

“विचित्र दिसते. माहितेय मला.”

त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. “बघा, आता सांगणारच न्हाई.”

“सांगा ना!”

“वाक्य गेलं.”

“कुठं गेलं?”

“नांदेडच्या गाडीत जाऊन बसलं.”

त्या गाडीत बसून मी खरोखर शेजारची रिकामी जागा पाहिली. अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि मी एकटीच हसत होते. तो बोलता बोलता थांबतो, ते मला आवडायला लागलं होतं. मला वाटायचं, ही त्याची लकब असेल. शब्द निवडून बोलणारा माणूस, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तेही वाक्य मीच पुरं केलं होतं.

सप्टेंबरात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर दुपारी आई म्हणाली, “वरच्या टाचणवह्या काढतेस का गं? कसर लागली असेल.”

वर्षभर मी त्या फळीकडं पाहिलं नव्हतं. वह्या काढल्या. खाकी कव्हरं, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात शाळा आणि वर्ष. सर्वांत खाली देवणीच्या होत्या. मी लहान असताना बाबा देवणीच्या शाळेत होते. शनिवारी नांदेडला यायचे. मी उभ्याउभ्याच एक वही उघडली. इयत्ता आठवी, मराठी. उद्दिष्टं. साहित्य. आणि खाली —

‘१. बोलणाऱ्याकडं तोंड करून बसायचं. २. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यायचं. ३. तोवर आपलं उत्तर मनात जुळवायचं.

माझ्याकडून — सुदर्शनचा शब्द अडला तर मी थांबेन. कितीही वेळ लागो. शब्द पुरवणार नाही.’

मी खाली बसले. पान उलटलं, पुन्हा उलटलं. जुलै, ऑगस्ट, दिवाळीनंतरचा महिना. वरच्या तीन ओळी बदलत होत्या, चौथी तीच. मार्चमधल्या एका पानावर मात्र नवीन होतं — ‘सुदर्शननं आज आख्खी कविता म्हटली. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. उद्या वर्गाचे आभार मानायचे.’

आई चहा घेऊन आली. वहीत डोकावून म्हणाली, “हा तो बोलताना अडणारा मुलगा. दर शनिवारी त्याचं सांगायचे. आज एवढं बोलला, आज तेवढं बोलला. तू झोपलेली असायचीस.”

बाबांचं अक्षर, बाबांचा आवाज. वर्षभरानं मला ते असे भेटले. पण चहा निवेपर्यंत दुसरंच काही मनात वर आलं. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून.

सोमवारी पहिल्या तासाआधी मी त्याला व्हरांड्यात गाठलं. “तुम्हाला माहीत होतं.”

काय, हे त्यानं विचारलं नाही. “मस्टरवर नाव वाचलं. मृण्मयी रेणुकादास देगलूरकर. रेणुकादास नावाची माणसं किती असतेत, मॅडम?”

“कधी वाचलंत?”

“डस्टरच्या आदल्या दिवशी.”

“म्हणजे टाचण, छत्री... हे सगळं सरांच्या मुलीसाठी.”

“न्हाई. मी — मी त—”

“उपकार फेडत होता,” मी म्हणाले.

त्याचे ओठ हलले आणि मिटले. मी तशीच वर्गात गेले. मुलं उठून उभी राहिली, ‘नमस्ते मॅडम’ म्हणाली, आणि तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी बाबा वर्षभर थांबले, त्याचा शब्द मी हिसकावून घेतला होता.

पाच दिवस आम्ही बोललो नाही. तो समोरून यायचा, मान हलवायचा, जायचा. माझ्या टेबलावर एकदा छत्री ठेवलेली दिसली. चिठ्ठी नव्हती.

शनिवारी सचिव आले. मागच्या बाकावर गुरुपादप्पा सरांच्या शेजारी बसले. धडा नकाशाचा. शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता प्रत्येकानं काढायचा, मग एकेकानं उभं राहून तो बोलून दाखवायचा. मी आदल्या संध्याकाळी टाचण काढलं होतं. तीन ओळी माझ्या होत्या. नकाशे बघायला फिरताना डावीकडून चालायचं. बोट दाखवायचं, पण कागदाच्या वर, हवेत. आणि बोलणाऱ्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यायचं. ही तिसरी बाबांची. पण लिहिताना माझी झाली होती. मी मुलांना वाचून दाखवल्या, सत्यमनं हवेतलं बोट करून दाखवलं, सचिवांनी भुवया उंचावल्या.

“माझ्याकडून,” मी शेवटी म्हणाले, “उत्तर देणाऱ्याला पूर्ण वेळ.”

पुनम उभी राहिली. ती शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवर राहते, गावापासून लांब. “शाळेतून निघालं की मारुती... मग बांध... मग...” ती अडली. नकाशाकडं बघत राहिली. वर्ग गप्प. मीही. माझ्या जिभेवर तीन शब्द आले आणि मी ते तिथंच ठेवले. खिडकीत एक साळुंकी येऊन बसली, इकडंतिकडं बघून उडून गेली.

मागून सचिव मायेनं म्हणाले, “ओढा म्हणायचंय का, बाळ?”

सत्यम ताडकन उठला. “साहेब, तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्यायचं असतंय.”

गुरुपादप्पा सरांनी छताकडं बघितलं. सचिव चक्क म्हणाले, “चुकलं.”

“ओढा न्हाई,” पुनम म्हणाली. “ओढ्याच्या अलीकडं चिंच हाय. माझ्या आजोबानं लावलेली. तिथून माघारी बघितलं की शाळा दिसती.”

ती चिंच आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात नव्हती. मी तिच्यासाठी थांबले, तेव्हा बाबांची आठवण म्हणून थांबले नव्हते. कुणाचे उपकार फेडत नव्हते. मला फक्त पुनमला काय म्हणायचंय ते ऐकायचं होतं... आणि तिथंच, फळ्यासमोर उभ्याउभ्या, मला त्या भिजलेल्या डाव्या खांद्याचा अर्थ लागला.

तास संपल्यावर गुरुपादप्पा सर एवढंच म्हणाले, “वर्षभर आठवी ‘ब’ तुमचीच, मॅडम. आमची सुटका न्हाई आता.”

मी स्टँडवर धावतच गेले. तो देवणीच्या फलाटाशी उभा होता. पाऊस नव्हता, उन्हात शेंगा धरलेल्या सोयाबीनचा हिरवा वास येत होता. मी त्याची छत्री पुढं केली.

“सोमवारी तुमचं वाक्य अर्धं राहिलं,” मी म्हणाले. “माझ्यामुळं. चुकलं माझं. आता पुरं करा.”

त्यानं छत्री घेतली. “तुम्ही रुजू झालात त्या दिवशी स्टाफरूममध्ये म्हणाला होतात, इथं मला कुणी ओळखत न्हाई ते लई बरंय. म्हणून बोललो न्हाई. मस्टरवर नाव वाचलं, तव्हा सरांच्या मुलीला बघायचं होतं, हे खरंय. दुसऱ्या दिवशी डस्टर घेऊन आलो, तर फळ्यावर तेरा नियम. आणि तुमच्या... क...”

शब्द अडला. या वेळी त्यानं तो लपवला नाही. खालमानेनं बाजूला झाला नाही. माझ्याकडं बघत उभा राहिला, त्या शब्दासकट.

नांदेडची गाडी लागली. “अहमदपूर, लोहा, नांदेड!” माणसं चढली. कंडक्टरनं मला ओळखलं होतं. “मॅडम, येता का? चला, जागा हाय!”

माझ्या तोंडात पाच-सहा शब्द तयार होते. त्यातला एखादा बरोबरही असेल. मी ओठ मिटून घेतले आणि त्याच्याकडं तोंड करून उभी राहिले. घंटी वाजली. गाडी मागं आली, वळली, निघून गेली. धुळीचा लोट आमच्यावरून गेला आणि खाली बसला.

“...तुमच्या केसात,” तो म्हणाला, “माझ्यापेक्षा जास्त खडू होता. कपाळापर्यंत. आणि तुम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून सरांची मुलगी मला दिसलीच न्हाई. तुम्हीच दिसता.”

स्टँडवर इतकी माणसं होती. मला कुणीच दिसेना. मी उगीच केसांवरून हात फिरवला, जणू अजून खडू होता.

“मृण्मयी,” तो पहिल्यांदाच म्हणाला, आणि हे नाव कुठंही न अडता आलं. “मला नांदेडला यायचंय. सरांच्या फोटोपुढं आठवीतली ती कविता म्हणायचीय. आणि तुमच्या आईला एक विचारायचंय.”

“काय विचारायचंय?”

मला माहीत होतं. तरी विचारलं, मला ते त्याच्या तोंडून हवं होतं, अख्खं.

तो हसला. कानापर्यंत लाल झाला. “ते म्हणायला... जरा वेळ लागंल.”

पुढची गाडी पाऊण तासानं होती. मी फलाटावरच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा रुमालानं पुसली.

“माझ्याकडून,” मी म्हणाले, “पूर्ण वेळ.”